फोटो काढताना तिथे कोण उभं होतं?

२८ मे २०२३. दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं. त्याच सकाळी, महिनाभर जंतर-मंतरवर धरणं धरून बसलेले कुस्तीगीर संसदेच्या दिशेने निघाले आणि पोलिसांनी त्यांना रस्त्यातच ताब्यात घेतलं. थोड्याच वेळात विनेश आणि संगीता फोगाट यांचा पोलिसांच्या गाडीतला एक सेल्फी मोबाइलवर फिरायला लागला. त्यात त्या खुशीत हसत होत्या. आंदोलन म्हणजे निव्वळ नाटक आहे, असं सांगत लोक तो पुढे ढकलत होते. मूळ सेल्फीत कुणीही हसत नव्हतं. कुणीतरी तो एआय ॲपमध्ये घालून चेहऱ्यांवर हसू चढवलं होतं.

त्याच दिवशी त्याच रस्त्यावर वृत्तसंस्थांचे आणि वर्तमानपत्रांचे फोटोग्राफरही होते. त्यांच्या फोटोंत या दोघी डांबरी रस्त्यावर आडव्या पडलेल्या आहेत, पोलीस त्यांना धरून ओढताहेत आणि तिरंगा बाजूला पडलाय. हे फोटोही मोबाइलवर फिरले, पण त्यांवर हसू चढवून ते खपवणं कुणाला जमलं नसतं. एकच प्रसंग वेगवेगळ्या संस्थांच्या माणसांनी वेगवेगळ्या कोनांतून टिपला होता. फोटोखाली संस्थेचं नाव, तारीख आणि ठिकाण होतं. शंका असेल त्याला विचारायला माणूस होता.

मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही फोटो एकाच आकाराचे, एकाच चकाकीचे दिसतात. त्यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, तो माहीत असावा लागतो. म्हणून बातमीचा फोटो म्हणजे काय, तो कसा तयार होतो आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, हे मुळापासून पाहू.

पत्रकारिता, पण कॅमेऱ्याने

फोटोजर्नालिझमला मराठीत वृत्तछायाचित्रण म्हणतात. बोलताना आपण 'प्रेस फोटोग्राफर' म्हणतो, तेच हे काम. घडलेली गोष्ट, घडत असताना, तिथे हजर राहून टिपायची आणि ती काय आहे हे खरेपणाने सांगायचं.

लग्नाचा फोटोग्राफर नवऱ्यामुलाला 'हार पुन्हा एकदा घाला' असं सांगू शकतो. जाहिरातीचा फोटोग्राफर ढग काढून निळं आकाश लावू शकतो. त्यात गैर काही नाही, कारण तसं केलंय हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. बातमीच्या फोटोग्राफरला यातलं काहीच करता येत नाही. प्रसंग त्याच्या सांगण्यावरून घडलेला नसावा आणि तो तिथे नसता तरीही तसाच घडला असता, ही पहिली अट. पाहिलेल्यात त्याने पदरचं काही घालू नये, ही दुसरी.

शेतात पाणी शिरून पीक वाहून गेलं की तलाठी येऊन पंचनामा करतो. त्यात 'काय पाहिलं' याच्याइतकंच 'कुणी पाहिलं' याला महत्त्व असतं. ठिकाण, तारीख, वेळ, पंचांची नावं, सह्या. उद्या कुणी हरकत घेतली तर पंचाला बोलावून विचारता येतं, 'तू तिथे होतास का?' बातमीचा फोटो हा असाच पंचनामा असतो. फोटोग्राफर हा पंच, फोटोखालची ओळ हा मजकूर आणि त्यापुढे छापलेलं नाव ही सही. सही नसलेल्या पंचनाम्यावर सरकार नुकसानभरपाई देत नाही. फोटोच्या बाबतीत मात्र आपण रोज सकाळी निनावी कागद खरे मानतो.

ज्याला खरोखर साक्षीला उभं राहावं लागलं

पंचाची ही तुलना मी उगाच केलेली नाही. मुंबईत ती शब्दशः खरी ठरली आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात गोळीबार सुरू झाला तेव्हा 'मुंबई मिरर'चे फोटोग्राफर सेबॅस्टियन डिसूझा समोरच्याच इमारतीत, आपल्या ऑफिसात होते. कॅमेरे घेऊन ते स्थानकात धावले. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यात शिरून त्यांनी दोघा हल्लेखोरांचे फोटो काढायचा प्रयत्न केला. कोन नीट मिळेना, तेव्हा ते दुसऱ्या डब्यात गेले आणि हल्लेखोर समोरून जाण्याची वाट बघत थांबले. पाठीवर सॅक आणि हातात रायफल घेऊन चाललेल्या अजमल कसाबचा जो फोटो जगभर छापला गेला, तो त्या रात्रीचा. श्रीराम वेर्णेकर हे दुसरे फोटोग्राफरही त्या रात्री हल्लेखोरांच्या मागावर होते.

पुढे खटल्यात कसाबने जबाब फिरवला. आपण सिनेमात काम मिळवायला मुंबईत आलो होतो आणि हल्ल्याच्या आधीच पोलिसांनी आपल्याला पकडून यात गोवलं, असं तो म्हणाला. असा बचाव उभा राहिला की फोटो लागतो. पण नुसता फोटो पुरत नाही. तो कुणी, कुठे उभं राहून, किती वाजता, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, नंतर तो कुणाच्या हातात होता, हे सांगणारा माणूस लागतो. डिसूझा आणि वेर्णेकर आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात साक्षीदार म्हणून उभे राहिले. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली. जिवाची पर्वा न करता हल्लेखोरांच्या पाठोपाठ जाणाऱ्या या दोघांची, त्यांच्या साक्षीची आणि फोटोंची त्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी आवर्जून दखल घेतली आहे.

तो फोटो तांत्रिकदृष्ट्या फार देखणा आहे असं नाही. स्थानकात उजेड कमी होता आणि फ्लॅश मारणं म्हणजे मरणाला हाक मारणं होतं. पण तो काढणारा माणूस न्यायालयात येऊन 'हा मी काढला' असं शपथेवर सांगू शकला. बातमीच्या फोटोची किंमत मी इथून मोजायला सुरुवात करतो. सुंदर आहे की नाही, हा प्रश्न बराच नंतर येतो.

क्लिक झाल्यापासून छापून येईपर्यंत

फोटोग्राफर परत आला की शेकडो फ्रेममधून मोजक्या निवडतो आणि प्रत्येकीला फोटोओळ लिहितो. कोण, कुठे, केव्हा, काय चाललंय. वाचकाला ही ओळ किरकोळ वाटते, पण अर्धी बातमी तिथेच असते. एखाद्या मंत्र्याने डोळे मिटलेला फोटो घ्या. 'सभागृहात डुलकी घेताना' असं लिहिलं तर तो एक माणूस होतो आणि 'दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली वाहताना' असं लिहिलं तर दुसरा. फोटोला हातही न लावता खोटं बोलायची ही सर्वांत सोपी जागा आहे. आज फिरणारे बरेचसे खोटे फोटो मुळात खरेच असतात, त्यांना ओळ खोटी लावलेली असते. दुसऱ्या देशातला, दहा वर्षांपूर्वीचा पूर काल कोल्हापुरात आणून सोडायला कोणतंही एआय लागत नाही.

मग फोटो डेस्कवर जातो. कोणता छापायचा, किती मोठा, कुठे कापायचा, हे तिथे ठरतं. हे निर्णय किती जड असू शकतात, याचं एक उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. भुसावळला जाऊन मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडची गाडी पकडायची, असा त्यांचा बेत होता. तिथे मृतदेह होते आणि त्यांचे फोटो काढणं शक्य होतं. देशाने जो फोटो लक्षात ठेवला, त्यात मात्र रुळांमध्ये विखुरलेल्या भाकऱ्या-पोळ्या आणि चपला होत्या.

त्या फोटोत एकही माणूस नाही. तरी ती माणसं कुठून निघाली होती, किती वेळ चालायची तयारी करून निघाली होती, कुणीतरी बसून त्या पोळ्या लाटल्या असतील, हे सगळं आपल्याला दिसलं. मृतांच्या घरच्यांना आयुष्यभर जो बघावा लागू नये, असा फोटो कुणी दाखवला नाही आणि जे घडलं ते लपवलंही नाही. चांगलं डेस्क म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी या फोटोकडे बोट दाखवेन.

काय बदललेलं चालतं?

'सगळेच फोटो एडिट करतात,' असं म्हटलं जातं. खरंय. फोटो थोडा उजळ करणं, कडा कापणं, लेन्सवरच्या धुळीचा डाग पुसणं हे जगभर मान्य आहे. फोटोतली वस्तू काढणं किंवा नसलेली घालणं मान्य नाही. रेष इथे आहे, आणि प्रतिष्ठित वृत्तसंस्था ती फार कडकपणे पाळतात.

२००३ मध्ये इराक युद्धात 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या ब्रायन वॉल्स्की यांनी एका प्रसंगाच्या दोन फ्रेम जोडून एक जास्त परिणामकारक फोटो केला. गर्दीतली काही माणसं दोनदा दिसताहेत, हे लक्षात आलं आणि नोकरी गेली. २००६ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या एका फोटोग्राफरने बैरूतवरच्या बॉम्बहल्ल्याचा धूर संगणकावर वाढवला. रॉयटर्सने त्याचं काम थांबवलं आणि त्याचे आधीचे सगळे फोटो विक्रीतून काढून टाकले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो नार्सिसो कोन्ट्रेरास यांचा किस्सा. सीरियातल्या कामासाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा अमेरिकी पुरस्कार मिळालेल्या, एपी या वृत्तसंस्थेच्या चमूत ते होते. एका फोटोत कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर पडलेला दिसत होता. तो त्यांनी पुसला आणि तिथे माती भरली. बातमीचा अर्थ तसूभरही बदलला नव्हता. तरीही २०१४ मध्ये एपीने त्यांच्याशी संबंध तोडले. हे अति झालं, असं वाटू शकतं. मला नाही वाटत. पंचाने एक किरकोळ नोंद खोटी केली, तर बाकीच्या नोंदी खऱ्या मानायच्या कशाच्या आधारावर?

मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजवाड्याने प्रिन्सेस ऑफ वेल्स आणि तिच्या मुलांचा एक फोटो प्रसिद्ध केला. मुलीच्या स्वेटरची बाही नीट जुळत नव्हती. काही तासांत मोठ्या वृत्तसंस्थांनी 'हा फोटो वापरू नका' अशी सूचना जगभर पाठवली. वृत्तसंस्थांच्या भाषेत याला किल नोटीस म्हणतात. फोटो पाठवणारा कितीही मोठा असला तरी तो परत घेण्याची सोय ठेवणं, हीसुद्धा या व्यवसायाची शिस्त आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अशी नोटीस कधीच येत नाही.

'पण कॅमेरा कुठे निःपक्ष असतो?'

हा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कॅमेरा कुणीतरी, कुठल्यातरी बाजूला उभं राहून धरतो. पोलिसांच्या रांगेमागून काढलेल्या फोटोत दगड येताना दिसतात, जमावातून काढलेल्या फोटोत लाठ्या. दोन्ही खरे असतात.

कधीकधी मामला याहून वाईट असतो. १८५७ च्या उठावानंतर लखनौच्या सिकंदरबागेचा फेलीचे बेआतो याने काढलेला फोटो जगभर प्रसिद्ध आहे. पडझड झालेल्या इमारतीपुढे हाडं आणि कवट्या विखुरल्या आहेत. लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये. बेआतो तिथे पोहोचला त्यानंतर काही महिन्यांनी. प्रेतं तोवर नव्हती, म्हणून पुरलेले सांगाडे उकरून फोटोसाठी मांडले गेले. जिंकणाऱ्यांच्या बाजूने, त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेला तो फोटो आहे. आपल्या देशाच्या सर्वांत जुन्या युद्धफोटोंपैकी एक असा मांडलेला आहे, हे विसरू नये.

म्हणून एका फोटोने सगळं सत्य कळतं, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. उपाय मात्र फोटोग्राफर कमी करण्यात नाही. जास्त फोटोग्राफर, वेगवेगळ्या गावांचे, जातींचे, धर्मांचे, बायका आणि पुरुष, वेगवेगळ्या संस्थांचे, एकाच घटनेवर हजर असणं, हाच उपाय आहे. एकटा पंच फितूर होऊ शकतो, म्हणूनच पंचनाम्याला एकापेक्षा जास्त पंच लागतात.

फोटोने खरंच काही बदलतं का?

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात तीस लाखांपर्यंत माणसं मेली, असा अंदाज आहे. महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश सरकारला या उपासमारीची चर्चा नको होती. छापण्यावर निर्बंध होते. पण ते मजकुरावर होते, फोटोंचं नाव त्यांत नव्हतं. कोलकात्याच्या 'द स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाचे संपादक इयान स्टीफन्स यांनी ही फट ओळखली आणि २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात रस्त्यावर भुकेने मरणाऱ्या माणसांचे फोटो छापले. दिल्लीत आणि लंडनमध्ये आता दुष्काळ नाकारणं अवघड झालं. त्याच काळात सुनील जाना नावाचा तरुण कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रासाठी बंगालच्या गावोगाव फिरून फोटो काढत होता. त्या भुकेचे चेहरे आज आपल्याला माहीत आहेत ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. फोटोंनी दुष्काळ थांबवला नाही. तोवर फार उशीर झाला होता. 'असं काही नाहीच' हे वाक्य मात्र त्यांनी बंद पाडलं.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण मार्च २०१८ मधलं. नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईकडे निघाले. वनजमिनीचे पट्टे, कर्जमाफी या मागण्या नव्या नव्हत्या. निवेदनं कितीतरी वेळा दिली गेली होती. पहिले काही दिवस मुंबईला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मग पायांचे फोटो आले. चपला झिजून गेलेले, तळव्यांची सालटी निघालेले, रक्ताळलेले पाय, आणि त्यांतले बरेच म्हाताऱ्या बायकांचे. वनहक्क कायद्याचं कलम माहीत नसलेल्या माणसालाही त्या तळव्यांचा अर्थ कळला. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. मोर्चेकरीही रात्रीच चालून आझाद मैदानात पोहोचले, दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून. १२ मार्चला सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. त्यात मोर्चामागच्या संघटनेची अनेक वर्षांची बांधणी होती, फोटोंचंच हे श्रेय आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण शहराने मान वर करून पाहिलं ते त्या पायांमुळे.

एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीच्या स्मशानांतल्या रांगेने जळणाऱ्या चितांचे फोटो जगभर गेले तेव्हा 'देशाची बदनामी' असा आरोप झाला. रॉयटर्सचे दानिश सिद्दीकी हे फोटो काढणाऱ्यांपैकी एक होते. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मध्ये भारतात कोविडमुळे, थेट किंवा अप्रत्यक्षपणे, सुमारे ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता आणि संघटनेची मोजण्याची पद्धत सरकारने अमान्य केली. आकड्यांचा हा वाद चालत राहील. चिता किती जळत होत्या हे ज्यांनी उभं राहून पाहिलं, त्यांची नोंद त्या वादात हाताशी आहे, हे महत्त्वाचं.

'माणूस मरतोय आणि तुम्ही फोटो काय काढता?'

हा प्रश्न प्रत्येक प्रेस फोटोग्राफरने ऐकलेला असतो. १९९३ मध्ये केविन कार्टर यांनी सुदानच्या दुष्काळात काढलेल्या फोटोत भुकेने वाकलेलं एक लहान मूल आहे आणि मागे गिधाड बसलंय. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तो छापून आल्यावर वाचकांनी मुलाचं काय झालं म्हणून विचारलं. कार्टर यांनी गिधाड हाकललं होतं, पण मुलाला उचलून नेलं नव्हतं. मूल अन्नवाटपाच्या केंद्राजवळच होतं आणि ते त्या दुष्काळातून वाचलं, हे बऱ्याच वर्षांनी एका स्पॅनिश दैनिकाने शोधून काढलं. कार्टर यांना पुलित्झर मिळालं आणि काही महिन्यांतच, जुलै १९९४ मध्ये, त्यांनी आत्महत्या केली. त्याला कारणं अनेक होती.

या व्यवसायातला साधा नियम असा: मदत करू शकणारे तुम्ही एकटेच असाल तर कॅमेरा खाली ठेवा. डॉक्टर, पोलीस, बंबवाले पोहोचले असतील तर त्यांच्या वाटेत न येता आपलं काम करा. जमावाने एखाद्याला मारताना तिथे असलेल्या फोटोग्राफरवर हे ठरवायची वेळ काही सेकंदांत येते, आणि त्याचा निर्णय चुकूही शकतो. घरी बसून त्याचा हिशेब मागणं आपल्याला सोपं जातं. मागावा, पण तिथे कुणी नसतंच, तर काय झालं हे आपल्याला कळलंही नसतं, हे त्या हिशेबात धरावं.

फोटोतल्या माणसाचं पुढे काय होतं?

खरं सांगायचं तर या व्यवसायाची सर्वांत दुखरी बाजू ही आहे, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

२००२ च्या गुजरात दंगलीत रॉयटर्सच्या आर्को दत्ता यांनी एका तरुण शिंप्याचा फोटो काढला. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले, जीव वाचवायची याचना. तो फोटो त्या दंगलीचा चेहरा झाला. त्या माणसाला मात्र हा चेहरा घेऊन जगायचं होतं. तो मालेगावला बहिणीकडे आला, तर तिथेही फोटोमुळे ओळखला गेला आणि हातातलं काम गेलं. पुढे तो कोलकात्याला गेला. राजकीय पक्षांनी त्याला न विचारता त्याचा चेहरा वापरला.

फोटो काढला नसता तर काय, याचं उत्तर मला देता येत नाही. त्या दंगलीत माणसं काय भोगत होती, याची ती नोंद आहे. पण एका माणसाने त्या नोंदीची किंमत एकट्याने मोजली. कायदा काही ठिकाणी संरक्षण देतो. बलात्कार पीडितेची किंवा अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणारा फोटो छापणं गुन्हा आहे. पण हात जोडणाऱ्या माणसासाठी, रडणाऱ्या आईसाठी असं कलम नाही. तिथे फोटोग्राफरची आणि संपादकाची समज एवढंच उरतं. नाव विचारणं, शक्य असेल तिथे परवानगी घेणं, नंतर परत जाऊन भेटणं. अनेक चांगले फोटोग्राफर वर्षानुवर्षं अशा माणसांच्या संपर्कात राहतात. ते छापून येत नाही.

सगळ्यांकडे मोबाइल आहे, मग हे लोक कशाला?

घटना घडते तेव्हा फोटोग्राफर क्वचितच तिथे असतो, वाटसरू असतो. वाटसरूच्या मोबाइलने पोलीस कोठडीपासून पुलाच्या पडझडीपर्यंत कितीतरी गोष्टी उजेडात आणल्या आहेत आणि त्याचं मोल मोठं आहे.

पण वाटसरू दुसऱ्या दिवशी परत जात नाही. कॅमेरे निघून गेल्यावर सहा महिन्यांनी पूरग्रस्त घरात काय चाललंय हे बघायला तो जात नाही. कुठलं खरं, कुठलं खोटं, हे तपासून ओळ लिहायची जबाबदारी त्याच्यावर नाही. आणि धोक्याच्या जागी मुद्दाम जाणं हे तर त्याचं काम नाहीच. दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात, कंदाहार प्रांतातल्या स्पिन बोल्डक इथे मारले गेले. गाझामध्ये २०२३ पासून परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे फिरू दिलेलं नाही. तिथलं जे काही जगाला दिसतं ते तिथेच राहणाऱ्या फोटोग्राफरांच्या डोळ्यांनी. बॉम्ब त्यांच्याही घरांवर पडत असतात, आणि त्यांच्यातले किती जण मारले गेलेत हे वाचताना हात थिजतो.

एआय आल्यावर

आता संगणकाला सांगितलं की तो न घडलेल्या घटनेचा हुबेहूब फोटो देतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचा असाच फोटो पसरला आणि शेअर बाजार काही मिनिटं घसरला. हा धोका सगळ्यांना दिसतो. दुसरा कमी दिसतो आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. खोटं इतकं सोपं झालं की खऱ्यालाही 'एआय आहे' म्हणून उडवून लावता येतं. रक्ताळलेल्या तळव्यांचे ते फोटो आज आले असते, तर कुणीतरी पहिल्या तासात तेच म्हटलं असतं.

यावर तांत्रिक उपाय निघताहेत. काही नवे कॅमेरे फोटो काढतानाच त्याला एक डिजिटल मोहर लावतात. २०२३ मध्ये आलेला लायका एम११-पी हा असा पहिला कॅमेरा. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने, कधी काढला आणि नंतर त्यात काय बदल झाले, याची नोंद या मोहरेत राहते. ती चांगलीच सोय आहे. पण मांडलेल्या प्रसंगाच्या फोटोलाही ती मोहर तितकीच व्यवस्थित लागेल. सिकंदरबागेत बेआतोकडे असा कॅमेरा असता, तरी हाडं उकरून मांडली होती हे त्यातून कळलं नसतं. त्यासाठी तिथे असलेला, खरं सांगणारा माणूसच लागतो.

आणि त्या माणसाचं पोट?

होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्या शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापून येत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या फोटोग्राफरचं काम दुसऱ्याच्या नावाने नव्हे, तर नावच न देता छापलं जातं. 'सौजन्य: सोशल मीडिया' एवढं लिहिलं की काम भागतं. कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाने आपलं काम आपल्या नावाने ओळखलं जाण्याचा हक्क दिलाय. पण कोर्टात जाऊन तो बजावणारे किती असणार?

यातले बरेच जण पगारी नाहीत. फोटो छापून आला तर मानधन, नाही आला तर नाही. कॅमेरा स्वतःचा, गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. दंगलीत लेन्स फुटली तर तीही स्वतःचीच. पैसे वाचवायचे झाले की वर्तमानपत्रं फोटोग्राफरपासून सुरुवात करतात आणि बातमीदाराला मोबाइलवरच फोटो काढायला सांगतात.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि वृत्तछायाचित्रकारही त्या कायद्यात येतात. अट अशी की तुम्ही एखाद्या माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा करारावर असायला हवं. तालुक्याच्या मोर्चात सर्वांत पुढे उभा असतो तो बहुतेक वेळा फोटोगणिक पैसे घेणारा फोटोग्राफर, आणि त्याच्या खिशात कराराचा कागद नसतो. लाठी बसली तर आपण पत्रकार आहोत हे आधी त्यालाच सिद्ध करावं लागतं. ज्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो छापला जातो, त्यांनी एका पानाचं नेमणूकपत्र दिलं तरी हा प्रश्न सुटतो.